रडारचे छत्र आणि त्याखालचा पाऊस

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावला आणि त्यावर हवामान-रडारांची वर्तुळे काढायला सांगितले. कंपासाचे टोक मुंबई, नागपूर, सोलापूर आणि गोवा येथे टेकवायचे, शेजारचे हैदराबाद आणि भोपाळही धरायचे आणि प्रत्येकाभोवती नकाशाच्या प्रमाणात २५० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. वर्तमानपत्रांत आणि अहवालांत छापून येतो तसलाच नकाशा पाच मिनिटांत तयार झाला. खानदेशात एक मोठी पोकळी राहिली. ती सर्वांना लगेच दिसली आणि तिच्यावर चर्चाही झाली. मग गडचिरोलीकडचे एक गुरुजी उठले आणि म्हणाले, "खानदेश वर्तुळाबाहेर आहे, ते समजले. पण आमचे भामरागड तर नागपूरच्या वर्तुळात आहे. मग आमच्याकडचा पाऊस रडारला दिसतो असे मी मुलांना सांगू का?"

त्या दिवशी आम्हाला त्यांना 'हो' म्हणता आले नाही. का म्हणता आले नाही, ते या लेखात सांगायचे आहे. नकाशावरच्या पोकळ्यांची चर्चा होते, कारण त्या दिसतात. आमचा आक्षेप वर्तुळांच्या आत दडलेल्या पोकळ्यांबद्दल आणि त्या दडवणाऱ्या नकाशाबद्दल आहे.

आधी रडार कसे पाहते ते थोडक्यात पाहू. रडारची थाळी विद्युतचुंबकीय लहरींचा एक छोटा ठोका हवेत सोडते. वाटेत पावसाचे थेंब किंवा गारा भेटल्या की त्या ठोक्याचा अगदी थोडा अंश परत येतो. यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि परत आलेल्या शक्तीवरून पावसाच्या जोराचा अंदाज बांधता येतो. डॉप्लर रडार परतलेल्या लहरीतील बदलावरून थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, तेही सांगते. इतके बहुतेक पुस्तकांत असते. पुस्तकांत सहसा नसते ते पुढचे.

रडारचा झोत जमिनीला समांतर जात नाही. तो अगदी सपाट सोडला तर झाडे, इमारती आणि टेकड्या यांच्यावरूनच तो परत येईल आणि पडद्यावर पावसाऐवजी गावच दिसेल. म्हणून थाळी किंचित वर उचललेली असते. सर्वांत खालचा झोत साधारण अर्ध्या अंशाच्या कोनात सोडतात. अर्धा अंश म्हणजे फारच थोडे वाटते, पण दूर गेल्यावर तेवढ्यानेही बरीच उंची होते. शिवाय पृथ्वी गोल असल्यामुळे झोत सरळ जात राहतो आणि जमीन त्याच्याखालून वाकत निघून जाते. हवेच्या घनतेतील फरकामुळे झोत थोडासा खाली वळतो, पण जमिनीइतका वळत नाही.

या सगळ्याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना करता येईल इतका सोपा आहे. रडारपासूनचे अंतर किलोमीटरमध्ये घ्या. त्याला ०.००८७ ने गुणा. अर्ध्या अंशाच्या कोनामुळे मिळणारी उंची ती हीच. मग अंतराचा वर्ग करून त्याला १७,००० ने भागा. पृथ्वीच्या गोलाईमुळे मिळणारी उंची ही. दोन्हींची बेरीज म्हणजे झोताच्या मध्याची उंची, तीही किलोमीटरमध्ये. १७,००० हा आकडा कुठून आला, असे चौकस मुले विचारतीलच. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. हवेमुळे झोत वाकतो ते जमेस धरण्यासाठी ती चार-तृतीयांश पटीने मोठी मानतात आणि सूत्रात त्या वाढवलेल्या त्रिज्येची दुप्पट येते.

५० किलोमीटरवर झोताची उंची सुमारे ५८० मीटर भरते. १०० किलोमीटरवर ती जवळजवळ दीड किलोमीटर होते, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या आसपास. १५० वर २.६ किलोमीटर, २०० वर ४ किलोमीटर आणि २५० वर, म्हणजे वर्तुळाच्या रेघेवर, ५.८ किलोमीटरहून अधिक. झोत पुढे जाताना रुंदही होत जातो. एक अंश रुंदीचा झोत १०० किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर जाड होतो आणि २५० किलोमीटरवर सव्वाचार किलोमीटरहून जास्त. इतक्या जाड झोतात मिळून येणारे उत्तर हे त्या सगळ्या जाडीचे सरासरी उत्तर असते.

आता भामरागडचा हिशेब करू. नागपूरपासून ते सरळ रेषेत सुमारे २४५ किलोमीटरवर आहे. तिथे झोताचा मध्य ५.७ किलोमीटर उंचीवर येतो, खालची कड साडेतीन किलोमीटरवर आणि वरची पावणेआठवर. साडेतीन किलोमीटरच्या खाली जे काही घडते ते नागपूरच्या रडारच्या दृष्टीने घडतच नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचे तापमान साधारण पाच किलोमीटर उंचीवर शून्याला पोचते. म्हणजे झोताचा अर्ध्याहून अधिक भाग पाण्याच्या थेंबांत नसून बर्फाच्या कणांत फिरत असतो. बर्फाचा कण तेवढ्याच पाण्याच्या थेंबाच्या जेमतेम एक-पंचमांश शक्ती परत पाठवतो. वितळण्याच्या थरात मात्र उलटे होते. पाण्याने ओलावलेला बर्फ मोठ्या थेंबासारखा चमकतो आणि रडारला पाऊस आहे त्याहून जास्त दिसतो. एकाच झोतात एक चूक कमी दाखवणारी आणि दुसरी जास्त दाखवणारी असते, आणि त्या एकमेकींना फेडतील अशी खात्री कुणी देत नाही.

भामरागडचा प्रश्न पुस्तकी नाही. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या तिथे एकत्र येतात. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने हे गाव पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेले आणि जगापासून तुटले. पुराचे हे पाणी गावात पडलेल्या पावसाचे नसते. ते पूर्वेकडच्या, छत्तीसगडमधल्या डोंगरांतून येते. म्हणजे ज्या पावसाची सूचना गावाला हवी असते तो नागपूरपासून आणखी दूर, वर्तुळाच्या पलीकडे पडतो. गुरुजींचे गाव वर्तुळात होते, पण त्यांचा पूर वर्तुळाबाहेर होता.

इथे रडारवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाच-सहा किलोमीटर उंचीवरचा झोत नेहमीच निरुपयोगी असतो असे नाही. मार्च ते मे या काळातले वळवाचे ढग दहा-बारा किलोमीटर आणि कधी त्याहूनही उंच जातात. गारा अशाच ढगांच्या वरच्या थंड भागात तयार होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीने रब्बी पिके आणि फळबागा झोडपल्या. तसल्या ढगाचा गाभा दोनशे किलोमीटरवरचे रडारही पकडू शकते. मात्र त्याच ढगाखाली जमिनीलगत सुटणारा सोसाट्याचा वारा, झाडे आणि पत्रे उडवणारा, त्याला दिसत नाही.

जुलैमध्ये सह्याद्रीत चित्र अगदी पालटते. समुद्रावरून आलेली दमट हवा घाटावर चढते आणि ढग होतात. ते दाट असतात पण ठेंगणे. त्यांतला बराच पाऊस बर्फाची अवस्था न येताच, लहान थेंब एकमेकांत मिसळून, खालच्या दोन-तीन किलोमीटरांतच तयार होतो. रडारकडे परत येणारी शक्ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. व्यास दुप्पट झाला तर परतणारी शक्ती ६४ पट होते. म्हणून असंख्य बारीक थेंबांचा, दिवसभर धो धो लागलेला घाटातला पाऊस जवळून पाहिला तरी रडारला आहे त्यापेक्षा हलका वाटण्याचा संभव असतो. दुरून पाहिले तर झोत ढगाच्या डोक्यावरूनच निघून जातो. एकच रडार, एकच वर्तुळ, पण मे महिन्यात डोळस आणि जुलैत आंधळे. नकाशावरची रेघ मात्र बाराही महिने तीच असते.

डोंगरांचा आणखी एक त्रास आहे. मुंबईहून माळीण सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे, म्हणजे नकाशाच्या दृष्टीने अगदी उजेडात. पण तिथवर जाताना सर्वांत खालचा झोत अर्ध्या किलोमीटरपासून सव्वादोन किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला असतो आणि मध्ये सह्याद्रीची धार उभी राहते. भीमाशंकरच्या बाजूला ती हजार मीटरच्या घरात आहे. झोताचा खालचा सुमारे पाव भाग तिच्यावर आपटतो. हा कागदावरचा हिशेब झाला. शहरातल्या उंच इमारतींची सावली यात धरलेली नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले. जवळ रडार असते तर ही गावे वाचली असती असे आम्ही म्हणत नाही. रडार पाऊस पाहते; डोंगराची माती किती भिजली आहे, उतार कधी सुटेल, हे त्याला कळत नाही. पण कोणत्या खोऱ्यात रात्रभर किती पाऊस झाला हे पहाटे माहीत असणे आणि नसणे यांत फरक आहे, एवढे कुणीही मान्य करील.

मग २५० किलोमीटरचे वर्तुळ आले कुठून? आमच्या मते ते चक्रीवादळांच्या काळाचा वारसा आहे. १९७० मध्ये विशाखापट्टणमला चक्रीवादळ शोधणारे रडार बसले, आणि २००२ मध्ये चेन्नईला देशातले पहिले डॉप्लर हवामान-रडार उभे राहिले तेव्हाही नजर समुद्राकडेच होती. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले आणि बारा-पंधरा किलोमीटर उंच असते. त्याला दुरून पाहायचे तर झोत पाच किलोमीटरवर असला काय किंवा सातवर असला काय, फारसे बिघडत नाही. त्या कामासाठी मोठे वर्तुळ प्रामाणिक होते. पुढे तेच वर्तुळ जमिनीवर आणले गेले आणि घाटातल्या पावसाला, खेड्यातल्या ओढ्याला, तालुक्याच्या पिकाला लावले गेले. काम बदलले, पण कंपासाचे माप बदलले नाही.

मापाने किती फरक पडतो ते क्षेत्रफळ काढून पाहावे. २५० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १ लाख ९६ हजार चौरस किलोमीटर होते. महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे नुसत्या क्षेत्रफळाने दोनच रडारांत राज्य झाकले गेले! आता अट घाला की झोत जमिनीपासून दीड किलोमीटरच्या खालीच हवा. त्रिज्या १०० किलोमीटर होते आणि क्षेत्रफळ ३१ हजारांवर येते. त्या मापाने दहा रडारे लागतात, आणि तीही वर्तुळे एकमेकांवर मुळीच चढली नाहीत तर. वर्तुळांनी फरशी बसवता येत नाही हे भूमितीच्या शिक्षकांना सांगायला नको.

२०२३ च्या सुरुवातीला, २०२५ पर्यंत सगळा देश डॉप्लर रडारांच्या छत्राखाली आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने जाहीर केले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दोन हजार कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी मिळाली आणि त्यात आणखी रडारे आहेत. दहा वर्षांत देशातल्या रडारांची संख्या पंधराच्या आसपासवरून चाळिसाच्या जवळ गेली. हे काम लहान नाही आणि आम्ही त्याला लहान म्हणणार नाही. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथचा प्रलय झाला तेव्हा उत्तराखंडात एकही डॉप्लर रडार नव्हते. २०२१ मध्ये मुक्तेश्वरला आणि त्यानंतर सुरकंडादेवीला ती आली. आमची तक्रार 'छत्र' या शब्दाबद्दल आहे. छत्रीखाली माणूस सुरक्षित असतो अशी आपली कल्पना. रडारच्या छत्राचे नेमके उलटे आहे. ते जितके दूर जाते तितके उंच जाते आणि ज्याला पाहायचे तो पाऊस छत्राच्या खाली पडत राहतो.

हा प्रश्न गरिबीचा आहे असेही कुणी समजू नये. अमेरिकेत १९९० च्या दशकात दीडशेहून अधिक डॉप्लर रडारे बसली. तरी वॉशिंग्टन राज्याचा पॅसिफिक किनारा कित्येक वर्षे अर्धवट आंधळा होता, कारण सिअ‍ॅटलजवळच्या रडारच्या वाटेत ऑलिंपिक पर्वत येत होता. डिसेंबर २००७ मध्ये त्या किनाऱ्याला मोठ्या वादळाने झोडपले आणि सप्टेंबर २०११ मध्ये लँगली हिल येथे नवे रडार सुरू झाले. तिथल्या ग्रामीण भागांत आजही अशा पोकळ्या आहेत. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. तिथला रडार-नकाशा नुसती वर्तुळे दाखवत नाही. जमिनीपासून ४,००० फुटांच्या खाली कुठे दिसते, ६,००० फुटांच्या खाली कुठे आणि १०,००० फुटांच्या खाली कुठे, हे तो वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. डोंगराच्या सावल्या त्यात करवतीच्या दातांसारख्या उमटतात. नकाशा कुरूप दिसतो, पण आपले गाव कोणत्या रंगात आहे ते शेतकऱ्याला कळते. असा नकाशा आपल्याकडे काढायला नवे यंत्र लागत नाही. रडारांची जागा, कोन आणि जमिनीच्या उंचीचे आकडे पुरतात.

लहान रडारे जागोजागी बसवावीत, हा उपाय सुचवला जातो आणि तो योग्यच आहे, पण त्यालाही अट आहे. मोठ्या रडारची लहर दहा सेंटिमीटरची असते, मध्यम रडारची पाच आणि लहान रडारची तीन. लहर जितकी आखूड तितकी ती जोरदार पावसात लवकर शोषली जाते. तीन सेंटिमीटरच्या रडारसमोर मुसळधार सर आली तर सरीच्या मागे काय आहे ते त्याला दिसेनासे होते. तेव्हा अशी रडारे एकमेकांच्या पाठीमागचे पाहू शकतील इतकी जवळ जवळ हवीत. पुण्याच्या उष्णप्रदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या डोंगरावर असे रडार बसवून घाटातल्या ढगांचा अभ्यास केला आहे. मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ साली तेव्हाच्या औरंगाबादला रडार आणले गेले होते, पण ते कृत्रिम पावसाच्या मोहिमेसाठी. पाऊस पाडण्यासाठी रडार मिळाले. पडणारा पाऊस पाहण्यासाठी तितक्या तातडीने मिळाले नाही.

"रडार नाही तर नाही, पर्जन्यमापक आहेत ना?" असे कुणी म्हणेल. राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. म्हणजे सरासरीने दर १५० चौरस किलोमीटरला एक. एका पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर धरले तर दोन हजार तोंडांचे मिळून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर होते. सगळ्या महाराष्ट्राचा पाऊस आपण एका वर्गखोलीएवढ्या जागेत मोजतो! पाऊस सगळीकडे सारखा पडत असता तर तेवढेही पुरले असते. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सुमारे २५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. मुंबईला तेव्हा डॉप्लर रडार नव्हते.

आणि इथेच हा विषय पैशांना भिडतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या मदतीचा विचार त्या नोंदीपासून सुरू होतो. ढग मंडळाच्या एका टोकाला फुटला आणि मापक दुसऱ्या टोकाला कोरडा राहिला तर शेतकऱ्याची वाहून गेलेली बांधबंदिस्ती हाच काय तो पुरावा, आणि त्याला पंचनाम्याची वाट पाहावी लागते. जवळचे, खाली पाहणारे रडार अशा वेळी दोन मापकांमधली जागा भरून काढते. ते मिलिमीटर अचूक सांगणार नाही, पण सर कोणत्या शिवारावरून गेली हे सांगेल. दूरचे रडार तेवढेही सांगू शकत नाही, आणि वर्तुळाच्या नकाशामुळे सगळ्यांना वाटते की साक्षीदार हजर होता. त्याने काही पाहिले नाही म्हणजे काही झालेच नाही, असा अर्थ निघायला वेळ लागत नाही.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तोच नकाशा पुन्हा काढला. या वेळी प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेपासून जवळच्या रडारचे अंतर मोजले, वरच्या रीतीने झोताची उंची काढली आणि तो आकडा गावाच्या नावाशेजारी लिहिला. बीडजवळच्या बाईंनी सोलापूरपासून १५० किलोमीटर धरून २.६ लिहिले. नांदेडचे एक सर सोलापूर, हैदराबाद आणि नागपूर तिन्ही मोजून बसले आणि सर्वांत कमी म्हणून ४.७ वर थांबले. जळगावच्या दोघांनी फुली मारली. भामरागडच्या गुरुजींनी ५.७ लिहिले आणि खाली लहान अक्षरांत सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा, पट्टी आणि वही अशी यादी केली. साडेसहा सेंटिमीटरवर डब्याला आतून तांबडी रेघ ओढायची, असे त्यांनी ठरवले होते.